जोखीम कुणाच्या नावावर?

शिडाच्या गलबतांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ चालत असे. साध्या हुंडीत मुदत भरली की पैसे द्यावेच लागत. जोखमी हुंडीची अट निराळी होती. माल सुखरूप बंदराला लागला तर पैसे, गलबत बुडाले तर नाही. माल पाठवणारा ही हुंडी विकून आधीच रक्कम मोकळी करून घेई. ती विकत घेणारा समुद्राची भीती आपल्या डोक्यावर घेई आणि तिचा मोबदला हुंडीच्या भावातच वळता करून घेई. कर्ज आणि विमा असे एकाच कागदावर नांदत. वादळ कुणाच्या हातात नव्हते, पण बुडीत कुणाच्या नावावर पडणार हे गलबत सुटण्याआधी ठरलेले असे.

आपल्या बोलण्यातही या शब्दाला धनी लागतो. ‘अंगावर जोखीम घालून रात्रीचा प्रवास करू नकोस,’ असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, तेव्हा जोखीम म्हणजे दागिने. जोखमीचे काम तर विश्वासातल्या माणसाकडेच सोपवतात. धोका, मोल आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात मुरल्या आहेत.

फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांची फारकत केली. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम आणि जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता. ही फोड फार उपयोगाची ठरली. पण मोजणीचा दरारा वाढला तसा धनी मागे पडला. जोखीम किती, हे सगळे विचारतात. ती कुणाची, हे विचारायचे राहून जाते.

‘जोखीमस्तर’ हा पीकविम्यातला शब्द पाहा. महाराष्ट्रात तो ७० टक्के धरला गेला. मागील सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. पीक त्याच्या खाली गेले तरच भरपाई. म्हणजे सरासरीपासूनची पहिली ३० टक्के घट शेतकऱ्याने सोसायची, पण ‘जोखीमस्तर’ या शब्दात शेतकरी कुठेच नाही. शिवाय उत्पादन मोजले जाते ते महसूल मंडळातल्या निवडक शेतांवर, पीक कापणी प्रयोगांतून. ओढ्याकाठचे एखादे शेत वाहून गेले आणि मंडळाची सरासरी टिकली, तर त्या हिशेबात त्याला काही मिळत नाही. राज्याने २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा दिला आणि २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली. चर्चा झाली ती हप्त्याची. उरलेले नुकसान कुणाच्या पदरात, यावर तेवढी झाली नाही.

लाखो शेते एकेक करून तपासणे अवघड आहे, हे मान्य. नुकसानीतला थोडा वाटा विमाधारकाकडे राहिला नाही तर बेफिकिरी वाढते, हा विमाशास्त्राचा जुना आक्षेपही खोटा नाही. पण वाटा ठेवणे वेगळे आणि तो दिसू न देणे वेगळे.

शेअर बाजारात हे आणखी उघडे पडते. बाजार नियामक सेबीच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. याच बाजारात संगणकी प्रणालीने व्यवहार करणाऱ्या मोठ्या संस्थांनी नफा कमावला आणि दलालांना प्रत्येक सौद्यावर दलाली मिळाली, सौदा बुडाला तरी. ‘जोखीम घेतल्याशिवाय पैसा मिळत नाही’ हे वाक्य या मंडळींच्या तोंडी शोभत नाही. त्यांनी पैसा मिळवला तो बराचसा दुसऱ्याच्या जोखमीवर.

सूचना छापल्याने हे सुटत नाही. जाहिरातींत ‘बाजारातील जोखमीच्या अधीन’ हे शब्द झरझर उरकले जातात आणि नुकसान झाले की तेच शब्द कंपनीची ढाल बनतात. जोखमी हुंडी घेणाऱ्याला बुडण्याचा धोका पत्करण्याचे दाम मिळत होते. आज धोका एकाकडे, दाम दुसऱ्याकडे आणि निर्णय तिसऱ्याकडे, अशी वाटणी सर्रास दिसते. जोखमीची रक्कम सांगणाऱ्या प्रत्येक कागदावर तिच्या धन्याचे नाव आणि त्याला मिळणारा मोबदला शेजारी शेजारी लिहिण्याची सक्ती करा. बऱ्याच योजना मग विकल्याच जाणार नाहीत, आणि ज्या विकल्या जातील त्यांना व्यवहार म्हणता येईल.