जें आपली चाकरी करीत नाहीं त्याची सेवा

बैलाला चारा घालणारा शेतकरी त्याच्या श्रमांतून चारा परत मिळवितो, आणि शेळीला पाणी पाजणारी बाई दुधाच्या आशेनें पाजते. यांत दोष नाहीं. परंतु ज्या जनावराकडून औत, गाडी, दूध कांहींच मिळावयाचें नाहीं, त्याच्यासाठीं मनुष्यानें हात मळवावे काय? दक्षिण आफ्रिकेंतील गेंड्यांच्या हकीकतीवरून हा प्रश्न उद्भवतो.

तेथील पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरांच्या आंत आला होता. संरक्षणामुळें त्याची संख्या हजारोंवर गेली. पण शिंगाच्या लोभानें पुनः संहार सुरू झाला, व एकट्या २०१४ सालीं त्या देशांत चोरट्या शिकाऱ्यांनीं १,२१५ गेंडे मारले. आपल्या नखांत व केसांत जें द्रव्य, तेंच त्या शिंगांत. तरी व्हिएतनाम व चीन या देशांत कित्येक लोक तें औषध मानून विकत घेतात. मनुष्याच्या भोळेपणाची किंमत मुकीं जनावरें देतात!

म्हणून रक्षक स्वतःच शिंग कापतात. हेलिकॉप्टरमधून गुंगीच्या औषधाची सुई मारून गेंड्याला निजवितात, डोळे बांधतात, कानांत बोळे घालतात, आणि मुळाचा जिवंत भाग राखून वरचें शिंग करवतीनें उतरवितात. त्या वेळीं श्वास मोजणें, तापलेल्या शिंगावर पाणी ओतणें, हें काम स्वयंसेवकांना मिळतें. दीड-दोन वर्षांत शिंग वाढतें, व पुनः तोच खटाटोप करावा लागतो.

आई मारली गेलेल्या पिलांसाठीं तेथें अनाथगृहें आहेत. दूरदेशचे तरुण पदरचे पैसे भरून तेथें सेवेस जातात. ही सेवा नव्हे, मौज होय, असें कोणी म्हणतात. आणि पिलाला कुरवाळण्यासाठींच जो जातो, त्याच्याविषयीं तें खरें आहे. परंतु चांगल्या अनाथगृहांत पिलाजवळ मोजक्याच माणसांस जाऊं देतात. कारण मनुष्याचा लळा लागलेलें पिलूं पुढें बंदूकवाल्यापासूनही पळणार नाहीं. बाकीच्यांनीं बाटल्या धुवाव्या, शेण काढावें, चारा आणावा.

उपाशी मनुष्यें असतां जनावरांवर खर्च कां, असेंही विचारतात. बंदूक धरणारा पुष्कळदां दरिद्री खेडूतच असतो, आणि मोठा पैसा दलाल नेतो. त्या खेडुताच्या घरीं भाकर नसतां केवळ पहारा वाढविणें मला पुरेसें वाटत नाहीं. पण त्याच्या भुकेमुळें पिलाची भूक खोटी ठरत नाहीं. ईयोबाला प्रभूनें रानबैलाविषयीं विचारलें, तेव्हां जें जनावर मनुष्याच्या गोठ्यांत राहावयाचें नाहीं, त्याचीही गणना स्वतःच्या सृष्टींत केली.

दूध तुटलें, पिलूं थोराड झालें, कीं त्यास रानांत सोडतात. ज्यानें रात्रीं उठून त्याला बाटली दिली, त्यानें तेव्हां दूर उभें राहावयाचें असतें, व हांक मारावयाची नसते.