जाळायचे ट्रान्झिस्टर

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत दत्तूकाकांचं दुरुस्तीचं दुकान होतं. १९८२च्या एशियाडच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला, त्याच सुमारास त्यांनी ते थाटलं. आधी मर्फी आणि बुशचे रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, अलीकडे मिक्सर, चार्जर आणि एलईडी बल्ब. लोकांच्या घरात जे जे बिघडत गेलं, ते ते काकांच्या टेबलावर येत गेलं.

त्या टेबलाच्या कोपऱ्यात एका फळीवर होल्डर, त्यात १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि शेजारी एक सॉकेट होतं. हा त्यांचा सिरीज बोर्ड. जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे हा असतोच, आणि तो बहुधा ज्याचा त्याने बनवलेला असतो. जोडून झालेला अँप्लिफायर काका कधी थेट भिंतीच्या प्लगात घालत नसत. आधी सिरीजवर. वीज बल्बमधून जायची आणि मग सेटमध्ये. आत कुठे शॉर्ट राहिला असेल, तर बल्ब भगभगून पेटायचा आणि सेट वाचायचा, कारण २३० व्होल्टवर १०० वॉटचा बल्ब जेमतेम ०.४३ अँपिअर जाऊ देतो. सगळं ठीक असेल, तर आतले कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर उजळायचा आणि मग तार नुसती लालसर राहायची. तार थंड असताना तिचा विरोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा असतो. म्हणून धड सेटच्या वाटेत हा बल्ब फारसा येत नाही आणि बिघडलेल्याला मात्र तत्काळ रोखतो. महागड्या पॉवर सप्लायमध्ये करंटची मर्यादा बांधायचं बटण असतं. तेच काम हा बल्ब करतो, आणि कुठे काय चाललंय ते डोळ्यांना दाखवतोही. एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. हा बल्ब सेट वाचवतो, माणसाला नाही. सिरीजवरच्या सेटला हात लावला तरी झटका तोच, जीवघेणा.

काकांना या झटक्याची फार भीती होती, स्वतःसाठी नाही, तेजूसाठी. तेजू गल्लीतलीच. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करत होती आणि दुपारनंतर दुकानात यायची. मुलगी चटपटीत. रेझिस्टरवरचे रंगांचे पट्टे बघून ती काकांच्या आधी आकडा सांगायची: पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०. विद्यावेतनातून पैसे साठवून ती एकदा पुण्याला गेली, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून ब्रेडबोर्ड, आर्डुइनो, चारपाच सेन्सर, छोटी मोटर असं डबाभर सामान घेऊन आली. डबा दुकानातल्या फडताळात नीट लावलेला असायचा. त्यातलं फारसं काही कधी जोडलेलं दिसलं नाही.

त्याला कारण होतं. सुरुवातीला तिने गिऱ्हाइकाच्या एका बोर्डावर आयसी उलटा बसवला होता. धूर निघाला. काका तेव्हा चारचौघांत बोलले, "कळत नाही तर हात कशाला लावतेस?" बोलून ते विसरले. तेजू विसरली नाही. ती हत्यारं पुसायची, सोल्डरिंग आयर्नचं बिट ओल्या स्पंजवर साफ करायची, काकांनी मागितला की मल्टिमीटर द्यायची, मागण्याआधीच कटर पुढे करायची. सगळ्यांना वाटायचं, पोरगी शिकतेय.

कोरेगावकडच्या एका शाळेतले गुरुजी एक दिवस पाण्याच्या टाकीची घंटा घेऊन आले. मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी बनवलेली. टाकीच्या वरच्या कडेला दोन तारा लोंबतात. पाणी दोन्हींना टेकलं की त्यातून इवलासा करंट बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला जातो, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर वाजतो. चारपाच सुट्या भागांचा मामला. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स सुरू करणाऱ्याने पहिल्यांदा काय बनवावं, असं मला कोणी विचारलं तर मी हीच घंटा सांगेन, कारण तिची घरात गरज असते आणि ती वाजली की सगळ्या घराला कळतं. शाळेची घंटा मात्र दोन महिन्यांत मुकी झाली होती.

काका एका लग्नाला कराडला निघाले होते. जाताना म्हणाले, "नऊ व्होल्टची बॅटरी आहे. बघून ठेव."

संध्याकाळी परत आले, तर घंटा होती तशीच टेबलावर. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"का गं, वेळ नाही मिळाला?"

"वेळ होता, काका. पण हात लावला आणि काही जळलं असतं तर? मुलांनी केलेलं आहे ते."

काका काही बोलले नाहीत. कराडहून येताना त्यांनी एक अँप्लिफायर दुरुस्तीला आणला होता, तो उघडून बसले. जळका डायोड बदलला, सिरीजवर लावला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. काकांनी बटण बंद केलं, प्लग काढला आणि भिंग घेऊन पाहिलं. डायोडचा पट्टा उलट्या बाजूला आला होता. काढला, फिरवून सोल्डर मारला, पुन्हा लावलं. बल्ब उजळला आणि मंदावला. स्पीकरमधून गाणं आलं.

तेजू बघत होती. "तुमचंही चुकतं, काका?"

"रोज चुकतं. म्हणून तर हा बल्ब ठेवलाय."

"माझ्यासाठी असा बल्ब नाही का?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या रेडिओंना चुकायची सोय दिली होती. समोरच्या पोरीला चुकायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती, आणि वर तिला धडपड नाही म्हणून दोनतीनदा मनातल्या मनात नावंही ठेवली होती.

त्या रात्री दुकान उशिरापर्यंत उघडं राहिलं. काकांनी ड्रॉवर उपसले. बारा व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मर निघाला. त्याच्या आधी फ्यूज, पुढे १एन४००७चे चार डायोड, मग १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एवढं तर कुठल्याही एलिमिनेटरात असतं. खरी गंमत त्यापुढे होती. एलएम ३१७ हा तीन पायांचा आयसी लोक व्होल्टेज कमीजास्त करायला वापरतात. पण त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये रेझिस्टर टाकून करंट अ‍ॅडजस्टच्या बाजूने बाहेर घेतला, की तो करंट बांधून ठेवतो. त्या रेझिस्टरवर तो नेहमी सव्वा व्होल्ट राखतो, म्हणून सव्वा व्होल्टला रेझिस्टरने भागलं की मर्यादा मिळते. ४७ ओहम घातला तर सुमारे २७ मिलिअँपिअर. ४.७ ओहम घातला तर त्याच्या दहापट. काकांनी दोन्ही घातले, मोठ्या करंटवाला अर्ध्या वॉटचा, आणि मधे एक खटका. शेवटी ७८०९, म्हणजे बाहेर पक्के नऊ व्होल्ट. ७८०९ स्वतः पाचएक मिलिअँपिअर खातो, तेव्हा लहान मर्यादेवर बाहेर बावीसच्या आसपास उरतात, आणि तेवढ्याने साधा एलईडी मरत नाही. सगळं पत्र्याच्या डब्यात बसवून, पत्र्याला अर्थिंग देऊन, झाकण चार स्क्रूंनी घट्ट केलं. बाहेर फक्त लाल आणि काळी अशा दोन पिना.

सकाळी तेजूला त्यांनी शेजारी बसवलं. "यावर काय वाटेल ते चुकीचं जोड. मी इथेच आहे, पण बघणार नाही."

त्यानंतरच्या काही आठवड्यांत तेजूने जे शिकून घेतलं, ते चुका करूनच. एलईडी उलटा लावला. पेटला नाही, जळलाही नाही. मग सुलटा लावला, रेझिस्टर न घालताच. लख्ख पेटला, आणि मल्टिमीटरवर पिनांमधलं व्होल्टेज नवावरून दोनवर घसरलेलं दिसलं. व्होल्टेज घसरलं की समजायचं, मर्यादा लागली आणि आपलं काहीतरी चुकलंय. तिच्या बल्बचं पेटणं हे असं होतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लावला, तो तेवढ्या करंटवर फुटला नाही; काढून हातात घेतल्यावर किंचित कोमट लागला. ट्रान्झिस्टरचे पाय अदलाबदल केले, तर बझर कुजबुजल्यासारखा वाजला. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे पुस्तकात तिने कितीदा वाचलं होतं. आता ते बोटांत उतरलं. खटका मोठ्या मर्यादेवर टाकून तिने काही ट्रान्झिस्टर खरोखर जाळलेही. काका वास आला तरी मान वर करत नसत. ते सोपं नव्हतं त्यांना.

मला वाटतं, नवशिक्याने पैसे जपून खर्च करायचे असतील तर क्रम हाच असावा. आधी मर्यादा असलेला सप्लाय आणि बीप करणारा साधा मल्टिमीटर. मग चांगली टोकदार पक्कड, कटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं असलेली राळ भरलेली तार. हात धुवायची सवय तिच्यासोबतच. चूक काढायला डिसोल्डर पंप. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर हे स्वस्त भाग मुबलक. सेन्सरांची रंगीत पाकिटं सर्वांत शेवटी. बाजारात गेल्यावर मात्र ती पाकिटंच आधी खुणावतात.

गुरुजींची घंटा एका दुपारी तेजूने आपणहून पुढे ओढली. सप्लाय लहान मर्यादेवर ठेवला. दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवली. बझर खणखणीत वाजला. म्हणजे ट्रान्झिस्टर ठीक, सोल्डर ठीक. टोकं पाण्याच्या पेल्यात सोडली, गप्प. दोष सर्किटमध्ये नव्हताच. तिने तारा नखाने खरवडून पाहिल्या. बॅटरीच्या धन टोकाकडची तांब्याची तार हिरवी पडून आतून खाल्ली गेली होती. टाकी भरलेली असेपर्यंत त्या तारांतून एकाच दिशेने करंट वाहतो आणि धन बाजूचं तांबं थोडं थोडं पाण्यात उतरत जातं. तेजूने तारा कापल्या, त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या दोन जुन्या चमच्यांचे दांडे जोडले, जोड पाण्याच्या वर राहील असा बसवून त्यावर स्लीव्ह चढवली.

गुरुजी न्यायला आले तेव्हा तिने काय झालं होतं ते सांगितलं. मग गुरुजींचं लक्ष पत्र्याच्या डब्याकडे गेलं. तो कशासाठी, हेही तिनेच सांगितलं. गुरुजींनी घंटा बाजूला ठेवली.

"आमच्याकडे मुलं किटला हात लावत नाहीत. मोडलं तर भरून द्यावं लागेल, असं त्यांना वाटतं. असे पाच डबे करून द्याल?"

काकांनी वही काढली आणि सामान लिहायला घेतलं. ट्रान्सफॉर्मर पाच, असं लिहिताच तेजूने त्यांना थांबवलं. "शाळेत ट्रान्सफॉर्मर नको, काका. बारा व्होल्टचे तयार अडॅप्टर घेऊ. २३० व्होल्ट मुलांच्या हाताजवळ यायलाच नकोत. आत ७८०९च्या जागी ७८०५ घालू, कारण ३१७ स्वतःसाठी तीनएक व्होल्ट ठेवून घेतो, मग उरलेले नऊ ७८०९ला पुरणार नाहीत."

काकांनी ट्रान्सफॉर्मर खोडला. पुढे लिहिलं: ब्रेडबोर्ड पाच, मल्टिमीटर पाच, एलईडी, बझर, बीसी ५४७ पंधरा.

"पंधरा नाही, शंभर," तेजू म्हणाली. "पंधरा वापरायला. बाकीचे जाळायला."

गुरुजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी आकडा दुरुस्त केला, त्यापुढे कंसात 'जाळायचे धरून' असं लिहिलं आणि गुरुवारच्या पुण्याच्या एसटीची वेळ तेजूला विचारली.