आवडीची जागा की उरलेली?

कोणता जीव कुठे राहतो, याचं उत्तर आपण पाऊस, तापमान आणि मातीवर सोपवून मोकळे होतो. कासच्या पठारावरची सीतेची आसवं नावाची फुलं पाहिली की हे उत्तर तोकडं वाटतं.

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, साधारण १२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्याचा सडा. माती कुठे कुठे बोटभरही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात खडक भाजून निघतो. नत्राची तर इतकी वानवा की या इवल्या जांभळ्या फुलांच्या झाडानं शिकारीचा मार्ग धरलाय. त्याच्या ओल्या मातीतल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. सूक्ष्म जीव तोंडाशी आला की झडप आत उघडते, पाण्यासकट तो ओढला जातो आणि पिशवी मिटते. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळा कारभार आटोपतो.

एवढा खटाटोप करून इथंच का राहायचं? मला वाटतं, ही जागा इतरांना परवडत नाही म्हणून. खोल मातीत कारवी आणि उंच गवत या झाडाला ऊन लागू देणार नाहीत. जोसेफ कॉनेल यांनी १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर असंच काही दाखवलं होतं. खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलची एक जात फक्त वरच्या, कोरड्या पट्ट्यात दिसायची. खालची दांडगी जात काढून टाकल्यावर तीच खालीही तगली.

कासवरही अशी चढाओढ दिसली असावी. २०१२ मध्ये कास जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी लोटली, कुंपण आलं. पर्यटकांबरोबर गुरंही अडली. मग गवत माजलं, फुलं घटली, अशी ओरड गावकऱ्यांतून झाली आणि पुढे कुंपण निघालं. पावसाचं मान दरसाल वेगळं. सगळं खापर कुंपणावर फोडणं बरं नव्हे. पण गुरांनी उंच गवत खाल्लं की बुटक्यांना ऊन मिळतं, हे कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं.

शिवाय सोयीच्या जागी पोचायलाही हवं. दुहेरी तुऱ्याची वायतुरा ही वनस्पती सह्याद्रीतल्या मोजक्याच पठारांवर सापडते. जांभ्याचे सडे कोकणातही पुष्कळ आहेत, पण मधल्या दऱ्या ओलांडणं प्रत्येक बीजाला जमत नाही. तापमान वाढलं तर या झाडांनी वर सरकावं म्हणावं, तर पठाराच्या वर डोंगरच नाही.