आवडता गायक आपलं काय देणं लागतो?

आवडत्या गायकाची नवी कॅसेट फिकी निघाली की आपल्या तोंडी एक शब्द ठरलेला असे : ‘फसवलं.’ कॅसेट गेली, तिच्यामागून आलेली सीडीही गेली. आता नवा अल्बम मध्यरात्री मोबाईलवर येतो आणि सकाळपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. शब्द मात्र तोच राहिला आहे. बाजारात किडकी वांगी गळ्यात मारणाऱ्याला जो शब्द लावावा, तो आपण ज्याच्या आवाजानं आपल्या कितीतरी रात्री सुसह्य केल्या त्याला लावतो. ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही अशा गायकानं लागोपाठ दहा भिकार कॅसेटी काढल्या, तरी त्याला लावत नाही. म्हणजे हा आरोप फक्त आवडत्या माणसावरच होतो. तेव्हा विचारायला हवं, की त्यानं आपल्याला काही वचन दिलं होतं काय? आपला त्याच्यावर हक कोणता, आणि तो कुठून आला?

हक, एहसान आणि अमानत हे तीन शब्द आपल्या घरांत रोज बोलले जातात. तिन्हींचा हिशेब वेगळा आहे. हक मागता येतो. एहसान मागता येत नाही. झाला तर तो मानायचा असतो. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी सांभाळण्याची जबाबदारी. गायक आणि ऐकणारा यांच्यात यांपैकी कोणतं नातं आहे हे न ठरवताच आपण फिर्याद दाखल करतो. (संगीत मुळात जायज की नाजायज, हा वाद आम्ही इथं उघडत नाही. तो ज्या घरांत तावातावानं चालायचा, त्याही घरांच्या माळ्यावर कव्वालीच्या कॅसेटींचं एखादं खोकं असायचंच.)

हक म्हणजे काय ते समजून घ्यायला रेवस बंदराइतकी चांगली जागा नाही. धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे करंजा दिसतं, मध्ये धरमतरची खाडी. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. रेवसहून थेट रेड्डीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग आणि रेवस-करंजा पूल ही बोलणी तेव्हापासूनची. त्यानंतर चार दशकं हा पूल निवडणुकीच्या आधी बांधला जायचा आणि निवडणुकीनंतर वाहून जायचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच ओहोटीच्या वेळी रेवसच्या गाळाशी झुंजत राहिली. इथल्या माणसानं या बाबतीत ‘फसवलं’ म्हटलं तर त्याला कोण खोटं पाडणार? त्यानं मत दिलं होतं, कर भरला होता, आश्वासन जाहीर सभेत ऐकलं होतं.

कॅसेटीही याच लाँचमधून यायच्या. कुवेत-दुबईहून सुटीवर आलेला माणूस मुंबईत उतरे, मुसाफिरखान्यात आणि भेंडीबाजारात एक फेरी मारी आणि मग भाऊच्या धक्क्यावर येई. रेवसला उतरताना त्याच्या सामानात अत्तराच्या बाटल्या, घड्याळं, घोंगड्या आणि टेपरेकॉर्डर असे. नव्या कॅसेटी हातातल्या पिशवीत, कारण त्यांना ऊन लागू द्यायचं नसे. संध्याकाळी पडवीत टेप लागला की अर्धा मोहल्ला गोळा होई. एका कॅसेटमध्ये साठ किंवा नव्वद मिनिटं. आवडो न आवडो, पुढची सुटी येईपर्यंत तीच ऐकायची. अशा वेळी वर्षभर वाट पाहिलेल्या गायकानं दोनच चीजा जीव ओतून गायिलेल्या असल्या आणि बाकीच्या सहा नुसत्या भरतीच्या असल्या, तर पडवीत जी शांतता पसरे तिला फसवणुकीचाच वास येई. पैसे तर गेलेच, शिवाय वाळवंटातल्या उन्हात कमावलेले पैसे.

पण ते पैसे घेतले कोणी? दुकानदारानं आणि कंपनीनं. गायकापर्यंत त्यातलं किती पोचत असेल देव जाणे. नकली कॅसेटींच्या त्या काळात अनेकदा काहीच पोचत नसणार. दोन चीजा चांगल्या आणि सहा भरतीच्या, हा हिशेबही कंपनीचाच. तबकडीची बाजू भरायची म्हणून, कॅसेट लांबीला पुरायला हवी म्हणून. नुसरत फतेह अली खान १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर ढोल आणि यंत्रांचा ठेका चढवून, नवं नाव, नवं वेष्टन देऊन ‘नवे’ अल्बम विकले गेले. ही मात्र फसवणूक. इथं मेलेल्या माणसाच्या नावावर मालाबद्दल खोटं सांगितलं गेलं. तिथं फिर्याद जरूर करावी, फक्त पत्ता नीट लिहावा.

नुसरतसाहेबांचीच आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. १९९० साली पीटर गॅब्रिएलच्या ‘रियल वर्ल्ड’ कंपनीनं त्यांचा ‘मस्त मस्त’ हा अल्बम काढला. निर्माता मायकेल ब्रूक हा कॅनडाचा गिटारवादक. ज्यांचे कान वीस-पंचवीस मिनिटांच्या कव्वालीवर पोसलेले, त्यांना तो अल्बम ऐकून धक्काच बसला. गिरह लावायला उसंत नाही, टाळीचा जोर चढत जाणं नाही, पाच-सहा मिनिटांत खेळ खलास. खाँसाहेब गोऱ्यांच्या नादी लागले, असं आपल्याकडे आणि सीमेपलीकडेही बोललं गेलं. पण त्या अल्बमवर नाराज होणाऱ्यांत एक नाव खुद्द नुसरतसाहेबांचंही होतं. ध्वनिफितीची काटछाट करताना भाषा न कळणाऱ्या माणसांनी काही ठिकाणी शब्दांची ओळ मधूनच तोडली होती, त्यामुळे अर्थ राहिला नव्हता. ब्रूकनं पुढे हे मोकळेपणानं सांगितलं आहे. गिटार चालली, विलायती ठेका चालला, लांबी कमी झालेली चालली. अर्थ तुटलेला मात्र खाँसाहेबांना चालला नाही.

इथं अमानत कशाला म्हणायचं ते दिसतं. कव्वालाकडे कलाम अमानत असतो. तो त्याचा नसतो. पिढ्यांकडून आलेला आणि पुढे द्यायचा असतो. त्याला धक्का लागला तर आपण बोलायला हवं, मग गाणारा कितीही मोठा असो. पण आपल्या नाराजीतला केवढा भाग या अमानतीविषयी असतो? बहुतेक वेळा आपली तक्रार असते ती लांबीविषयी, वाद्यांविषयी, ‘पूर्वीसारखं नाही’ याविषयी. पूर्वीसारखं गाणं ही काही आपण त्याच्याकडे ठेवलेली ठेव नव्हे. त्याच्या जुन्या चीजांत आपलं तारुण्य अडकलेलं असतं, पडवीत तेव्हा बसलेली आणि आता कबरस्तानात गेलेली माणसं अडकलेली असतात. नव्या चीजेत ती कशी सापडणार? गायकानं ती कुठून आणून द्यायची?

अझीझ नाझाँ घ्या. १९७४ च्या ‘फाइव्ह रायफल्स’ या चित्रपटात त्यांनी गायिलेली ‘झूम बराबर झूम शराबी’ घराघरांत आणि गुत्त्यागुत्त्यांत पोचली. ती लिहिणारे नाझाँ शोलापुरी. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी कपाळाला हात लावला, की कव्वालीचं हे काय करून टाकलं! त्याच अझीझ नाझाँच्या तोंडची ‘चढता सूरज’ ही कव्वाली मात्र मय्यत झालेल्या घराशेजारीही कुणाला खटकली नसती, इतकी ती माणसाच्या नश्वरतेविषयी आहे. तिचे शायर कैसर रत्नागिरवी. एक शायर सोलापूरचं नाव लावणारा, एक रत्नागिरीचं, आवाज एकच. ज्यांना पहिली हवी होती त्यांना दुसरी रुक्ष वाटली असेल, ज्यांना दुसरी हवी होती त्यांना पहिली निर्लज्ज वाटली. गायकानं दोघांपैकी कोणाशी इमान राखायचं?

याहून कठीण कसोटी युसुफ इस्लाम यांची. कॅट स्टीव्हन्स या नावानं जगभर गाजलेला हा इंग्रज गायक १९७७ साली मुसलमान झाला, १९७९ साली त्यानं आपल्या गिटारी लिलावात काढून पैसा धर्मादाय कामाला दिला आणि बाजाराकडे पाठ फिरवली. त्याच्या गोऱ्या चाहत्यांना वाटलं, आपला माणूस हिरावला गेला. आपल्याकडे, ज्यांनी त्याचं एकही गाणं ऐकलं नव्हतं त्यांनाही त्याचा अभिमान वाटू लागला. व्याख्यानांत त्याचा दाखला येऊ लागला. मग मुलानं घरी आणलेली गिटार त्यानं पुन्हा हातात घेतली आणि २००६ साली ‘ॲन अदर कप’ हा अल्बम काढला. आता नाराज व्हायची पाळी दुसऱ्या बाजूची. अल्बम चांगला की वाईट हे पुष्कळांनी ऐकून ठरवलंच नाही. त्यानं तो काढला हाच गुन्हा. सत्तावीस वर्षांच्या अंतरानं दोन जमावांनी एकाच माणसाला ‘फसवलंस’ म्हटलं, आणि दोघांनाही त्यानं कधी काही कबूल केलेलं नव्हतं. त्याचा मामला त्याच्या आणि अल्लाहच्या मधला होता. आपण मध्येच पंच होऊन बसलो.

अल्पसंख्य समाजात ही पंचगिरी जास्तच चालते, कारण आपण गायकाच्या पाठीवर गाण्याखेरीज आणखी एक ओझं चढवतो. २००९ साली ए. आर. रहमान यांना दोन ऑस्कर मिळाले तेव्हा आपल्या कितीतरी घरांत ईदसारखा आनंद झाला. संगीत किती जणांनी लक्ष देऊन ऐकलं होतं हा भाग वेगळा. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी त्यांनी केलेलं गीत सपक निघालं. देशभर टीका झाली, शकीराच्या फुटबॉलगीताशी तुलना झाली, त्यांनी गीतात काही बदलही केले. एरवी हा विषय तिथं संपायचा. पण आपल्यातल्या काहींना त्या टीकेची लाज वाटली, काहींना राग आला, काहींनी ते गीत उगाचच थोर ठरवलं. एक गाणं जमलं नाही याचा अर्थ एक गाणं जमलं नाही, एवढाच. ते एका कौमची परीक्षा नापास झाल्यासारखं आपल्याला का वाटावं? मोहम्मद रफी यांच्यापासून आपण हे करत आलो आहोत. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात रफीसाहेब मराठी गायले, तेव्हा त्यांचे मराठी उच्चार बरोबर आहेत ना याची धाकधूक आपल्यालाच जास्त.

हीच खोड आपल्या साहित्यातही आहे, आणि ती या पानांवर न सांगणं बरं नव्हे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्यानंतर आपल्या लेखकांची पुस्तकं येत गेली, आणि ‘आपला माणूस लिहितोय’ म्हणून कितीतरी कच्च्या पुस्तकांना आपण परीक्षणांत सांभाळून घेतलं. हेतू चांगला होता. परंतु चौथं पुस्तक पहिल्यापेक्षा पडलेलं आहे हे लेखकाला घरच्यांनीच सांगितलं नाही, तर बाहेरचे एक तर सांगणार नाहीत, किंवा कुत्सितपणे सांगतील. एहसान मानणं आणि खोटी तारीफ करणं या दोन गोष्टी आहेत. ज्याचा एहसान मानतो त्याला खोटं नाणं देऊन परतफेड कशी करायची? चीज पडली आहे असं म्हणावं, कुठं पडली तेही सांगावं, अदबीनं सांगावं. एवढं झाल्यावर ‘फसवलं’ म्हणायची गरज उरत नाही.

पण खरं बोलायचं कर्तव्य प्रत्येक वेळी सारखंच असतं का? शकीला बानो भोपाली यांच्या हजरजबाबीपणानं एके काळी मैफिली पेटत असत. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेत त्या शहरात होत्या आणि त्या विषानं त्यांच्या आवाजाचा घास घेतला. २००२ साली त्या गेल्या. अशा माणसाच्या उत्तरायुष्यातल्या एखाद्या चीजेला गुण द्यायला बसणारा रसिक कसला? तिथं वजनकाटा बाजूला ठेवावा. मात्र ही सवलत दयेपोटी सरसकट वाटायचीही नसते. गळा शाबूत असलेल्या, पैसा आणि वेळ हाताशी असलेल्या गायकाला वयाच्या नावाखाली माफ करत राहणं हा त्याचा अपमानच. त्याच्याकडून आता काही यायचं नाही असं आपण गृहीत धरलेलं असतं.

मेहदी हसन यांचं उदाहरण या दोहोंच्या मध्ये कुठंतरी बसतं, म्हणून ते सोडवणं अवघड. आजारानं त्यांचं गाणं बरीच वर्षं जवळपास थांबलं होतं. २०१० च्या सुमारास ‘सरहदें’ हा अल्बम आला आणि त्यात लता मंगेशकरांबरोबरची त्यांची एक गझल होती. चाल मेहदी हसन यांचीच. त्यांनी आपला भाग पाकिस्तानात २००९ साली गाऊन ठेवला, लताबाईंनी आपला नंतर भारतात गायिला, आणि दोन्ही आवाज यंत्रावर जोडले गेले. व्हिसा, तब्येत, वय, सगळ्यांनी मिळून त्यांना एका खोलीत येऊ दिलं नाही. आमच्यातल्या काहींनी ती गझल एकदा ऐकली आणि पुन्हा लावली नाही. ऐन भरातल्या मेहदी हसनांचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना ते ऐकवत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नाही. सूर जिथं पूर्वी सहज टेकायचा तिथं तो आता चाचपडत येतो. आमच्यातले दुसरे काही ती गझल अजून ऐकतात. तो सूर शेवटी जागेवर येतो की नाही, यावर दोन्ही पक्षांत अजून एकमत झालेलं नाही. २०१२ च्या जून महिन्यात मेहदी हसन कराचीत गेले, २०२२ च्या फेब्रुवारीत लताबाई मुंबईत. लाँचमध्ये कधी विषय निघाला तर वाद अजून रंगतो, आणि ‘फसवलं’ हा शब्द त्यात कोणीच वापरत नाही.