इशाऱ्याचे ऋण

पृथ्वीला आपण क्षमेची मूर्ती म्हणतो. नांगराचा फाळ, कुदळीचा घाव, सारे ती मुकाट सोसते. म्हणूनच ती हलली की भिंतीबरोबर माणसाचा भरवसाही हलतो. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ रिश्टरचा भूकंप झाला आणि त्याची थरथर पूर्व विदर्भात जाणवली. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड हे महाशिवरात्रीच्या यात्रेचे गाव. तिथे महादेवाला जाणाऱ्यांची आणि दर्ग्यावर जाणाऱ्यांची वाट एकच. अशा धानपट्ट्यातल्या गावांत मातीच्या भिंती नि कवेलूची छपरे अजून आहेत. तिथला भाविक साहजिकच विचारतो, "जे व्हायचे ते पांडुरंगाच्या हाती. मग फोनवर कर्रकन वाजणाऱ्या इशाऱ्यामागे धावायचे कशाला?"

प्रश्न भाबडा नाही. आम्ही त्याचा विचार करू.

प्रथम इशारा म्हणजे काय ते पाहावे. भूकंपाचा दिवस नि घटका आधी सांगणारे शास्त्र आज जगात कुठेच नाही. भूकंप झाला की एक हलकी, वेगवान लहर पुढे येते, मोडतोड करणारी लहर तिच्या मागून येते. त्या दोहोंमधले काही सेकंद, एवढीच यंत्राची कमाई. सप्टेंबर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर असा इशारा आपल्या देशात मिळू लागला. केंद्राजवळच्या गावाला तर तेवढे सेकंदही लाभत नाहीत. विजेचे तसे नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' वीज पडण्याआधी सावध करते, आणि रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायामाणसांना त्याचे मोल फार.

आता मागचे आठवा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, जबलपूरचा २२ मे १९९७ चा. तिन्ही पहाटे चारच्या आगेमागे झाले. ती आपल्या काकड्याची वेळ. किल्लारीकडे तर गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. हजारो माणसे गेली. ती का पापी होती? असे म्हणणाऱ्याची जीभ झडो! मातीत रचलेले जाड दगड आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, यांनी ती माणसे गाडली. त्या वेळच्या नकाशात तो मुलुख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे निर्धास्तपणाला आधार नकाशाचाही नाही, पुण्याईचाही नाही.

मग श्रद्धेचे काय? वारीला निघणारा वारकरी पांडुरंगावर भार टाकतो, पण पावसासाठी कागद किंवा घोंगडे बरोबर घेतोच ना? त्याने त्याची भक्ती उणी होत नाही. देह देवाने दिलेली ठेव आहे, आणि ठेव उघड्यावर टाकणे याला कोणी विश्वास म्हणत नाही.

दुसरी अडचण खरी आहे. २०२३ साली सरकारने फोनवर चाचणीचे इशारे पाठविले, लोक दचकले. पुढे दहा वेळा वाजले आणि काही झाले नाही, तर अकराव्या वेळी हात आपोआप आवाज बंद करतो. याला उतारा आपल्याजवळच आहे, तो म्हणजे नेम. एकादशी करणारा 'मागच्या एकादशीने काय दिले?' असा हिशेब मांडीत नाही. तसाच इशारा वाचण्याचा नेम धरावा. काही झाले नाही तर देवाचे आभार मानावे, आणि पुढच्या वेळी पुन्हा उठावे.

पण खरी कसोटी पुढे आहे. इशारा फोनवाल्याच्या हाती येतो. टोल्याच्या कडेला एकटी राहणारी म्हातारी, ऐकू न येणारा बाबा, बांधीत राबणारी मजूरबाई यांचे काय? पालखीतळावर चोपदार दंड उंचावतात, आणि दिसले त्याने आपला टाळ थांबवला की मागच्यालाही कळते. हजारो टाळ असे शांत होतात. इशाऱ्याचेही तसेच आहे. ज्याच्या कानी तो पडला, त्याच्या माथी ते ऋण झाले. एकट्याने अंगणात पळून ते फिटत नाही, शेजारच्याला हाक मारली की फिटते. सेकंदांत ते साधणार नाही, म्हणून आधीच ठरवावे: कोणी कोणाला हात द्यायचा, मोकळी जागा कोणती, कोणती भिंत पोकळ झाली आहे. ही भिंत बांधून देणे हीसुद्धा सेवाच.

आणि एक सांभाळावे. धक्क्यानंतर कोणीतरी उठतो नि सांगतो, "आज रात्री दोनला मोठा येणार." तारीख-वेळ सांगणारा तो इशारा नव्हेच, ती आवई. ती पुढे सरकवणे म्हणजे लेकराबाळांना थंडीत उघड्यावर बसवणे. जी वाणी नामासाठी आहे, तिने भय विकू नये.

धरणी हलायची तेव्हा हलेल, ते आपल्या हाती नाही. हाक मारणे आपल्या हाती आहे. तेवढे चुकू नये.

रामकृष्णहरि.