एसडीएल हाती घेण्याआधी

चिरंजीव भाच्यास,


तुला चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत एसडीएल, म्हणजे साइड डिस्चार्ज लोडर, चालवायला देणार आहेत, हे ताईकडून कळलं. बकेट भरायला तू आठवडाभरात शिकशील. कोळशाच्या ढिगात बकेट खुपसायची, मागे यायचं आणि यंत्र न वळवता बाजूच्या चेन कन्व्हेयरवर ओतायची. गॅलरी जास्तीत जास्त 4.8 मीटर रुंद, तिथे वळायला जागा कुठली? म्हणून तर हे यंत्र.

मला बोलायचंय ते छताबद्दल. टोपलीनं टब भरायचे तेव्हा लाकडी टेकू आधी करकरायचे आणि माणसं पळायची. आता छतात मारायचे बोल्ट आले. छत धरून ठेवायला उत्तम, पण ते कुरकुरत नाहीत, आणि कुरकुरले असते तरी मोटारीच्या आवाजात तुला काय ऐकू येणार? म्हणून अधूनमधून मोटार बंद करून कान दे. मायनिंग सरदार सब्बलीनं छत ठोकतो तेव्हा जवळ उभा राहा. पक्कं छत खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. हा फरक कागदावर सांगता येत नाही.

ब्लास्टिंगनंतर नवं छत उघडं पडतं. त्याला आधार लागेपर्यंत बोल्टच्या शेवटच्या ओळीपुढे जायचं नाही, कोपऱ्यात दोन बकेट कोळसा राहिला तरी. ‘तेवढा काढ रे, पाळी संपतेय’ असं कुणीतरी म्हणणारच. ओव्हरमन म्हणाला तरी नाही म्हण. नोकरी जात नाही, आणि गेलीच तर माझ्याकडे शेती आहे.

ढिगात वायर किंवा न उडालेली कांडी दिसली, तर बकेट जागीच थांबव आणि शॉटफायररला बोलव. हात लावू नकोस.

ट्रेलिंग केबलमध्ये 550 व्होल्ट असतात. केबल धरणारा दिसत नसेल तर मागे येऊच नकोस, केबल यंत्राच्या चेनखाली सापडली की संपलं. फाटलेल्या केबलला टेप गुंडाळून पाळी काढणारे महाभाग भेटतील. हवेत मिथेन 1.25 टक्क्यांवर गेला की वीज तोडायची, हा नियम ठिणगीच्याच धास्तीनं आहे, हे त्यांना सांगून बघ.

भरण्याआधी ढिगावर पाणी मारून घे. धूळ छातीत जाते.

पाळी संपली की यंत्र फेसवर सोडू नकोस. बोल्ट मारलेल्या छताखाली आण, बकेट जमिनीला टेकव, गेट-एंड बॉक्सवरून वीज बंद कर. छत कुठे बद्द वाजलं ते पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला तोंडी सांग, मग वर ये.

तुझा मामा