सिंधुरक्षकची भिंत कोणती?

किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे एवढी माणसं का गेली. तो भूकंपाआधी भिंतीचं नाव घेईल. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि गणपती विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेलं गाव. जवळपास दहा हजार माणसं गेली. लातूरकरांना हे कारण पाठ आहे. भूकंप थोपवता येत नाही, भिंत बदलता येते, हे कळायला फार जबर किंमत मोजावी लागली. पण कळलं.

समुद्र मात्र आम्हाला दूरचा. १४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले, तेव्हा लातूर-नांदेडने ती बातमी दूरच्या दु:खासारखी ऐकली. पाणबुडी धक्क्यालाच उभी होती, पोटात टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रं होती. ती जागच्या जागी बुडाली. ३ अधिकारी आणि १५ नौसैनिक, असे १८ जण आत होते. एकही वाचला नाही. काहींची ओळख डीएनए चाचणीवरूनच पटवावी लागली. दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शोक व्यक्त केला.

ही पाणबुडी त्याआधीही पेटली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला बॅटरीच्या कप्प्यात आग लागून एक नौसैनिक दगावला. मग ती दुरुस्तीसाठी रशियात सेव्हेरोद्विन्स्कला गेली आणि परतल्यावर काही महिन्यांतच हे घडलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ या दुसऱ्या पाणबुडीवर आग लागून २ अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. आपल्याकडे असं सहसा कोणी करत नाही. मात्र राजीनाम्याने जबाबदारी घेतली जाते, कारण कळत नाही.

‘सिंधुरक्षक’च्या कारणाचे तुकडे तेवढे बाहेर आले. कॅगच्या २०१७ च्या अहवालात कर्मचारी थकलेले होते, मुदत संपत आलेला दारूगोळा पाणबुडीवर होता, असे मुद्दे आहेत. थकवा! शेतात रात्रपाळीने पाणी देणाऱ्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चौकशी अहवाल मात्र आजही सामान्य वाचकाच्या हाती नाही. पाणबुडीचा सांगाडा उचलला गेला आणि जून २०१७ मध्ये अरबी समुद्रात खोल सोडून देण्यात आला.

अहवाल न दाखवण्यामागचं गुप्ततेचं कारण खोटं नाही. अमेरिकेची ‘थ्रेशर’ पाणबुडी १९६३ मध्ये १२९ जणांसह बुडाली, तिची कागदपत्रंही न्यायालयाच्या आदेशानंतर २०२० पासूनच बाहेर येऊ लागली. पण १९६३ च्या अखेरीसच तिथे ‘सबसेफ’ ही काटेकोर तपासणीपद्धत सुरू झाली. त्यानंतर १९६८ मध्ये ‘स्कॉर्पियन’ बुडाली, मात्र तिला ‘सबसेफ’चं प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. प्रमाणपत्र मिळालेली एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. ‘कुर्स्क’ पाणबुडीवर ११८ जण गेले, तेव्हा आधी बरीच लपवाछपवी करणाऱ्या रशियालाही २००२ मध्ये टॉर्पेडोतल्या इंधनाचा दोष मान्य करावा लागला.

अहवालातून क्षेपणास्त्रांची माहिती काळी करावी, खुशाल करावी. पण खलाशी किती तास सलग राबले, दारूगोळा चढवण्याचा हुकूम कोणी दिला आणि थकव्याची नोंद कोणाच्या टेबलावर थांबली, यातून कोणत्या शत्रूच्या हाती काय लागणार आहे?